आईचं घर भाड्याने देताना: घरमालकाची जबाबदारी कुठवर असते?

प्रश्न असा आला आहे: "आईचा कोथरूडला टू बीएचके फ्लॅट आहे. आई मागच्या वर्षी गेली. मी बंगळुरूला असते, भाऊ नागपूरला. विकायचा विचार नाही, म्हणून भाड्याने द्यायचं ठरवतोय. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू, डिपॉझिट घ्या, बाकी तुम्हाला काही बघायला लागणार नाही. खरंच तसं असतं का? घरमालक म्हणून आमच्यावर नेमकी काय जबाबदारी येते? आणि आईची दोन कपाटं एका खोलीत कुलूप लावून ठेवली तर चालेल का?"

ताई, तसं नसतं. मी पुण्यात चोवीस वर्षं भाडेकरारांची आणि त्यातून निघणाऱ्या भांडणांची कामं करते. 'बाकी काही बघायला लागणार नाही' असं ज्यांना सांगितलं होतं, ते घरमालक वर्षभरात फाइल घेऊन समोर बसलेले मी खूप पाहिले आहेत. घर देताना बहुतेकांच्या मनात एकच भीती असते, की माणूस घर सोडणार नाही. म्हणून सगळी काळजी करारातल्या कलमांची घेतली जाते. माझ्याकडे येणारी भांडणं मात्र गिझरची, भिंतीच्या ओलीची आणि डिपॉझिटची असतात. घर न सोडणारा माणूस त्या मानाने क्वचित भेटतो, आणि त्याच्यासाठी महाराष्ट्रात कायदा बऱ्यापैकी मालकाच्या बाजूने आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी एक जुना कायदा सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी), त्यातल्या 'लायसन्स'ची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे इझमेंट ॲक्टमध्ये, कलम ५२ ला आहे. त्याच कायद्याचं कलम ५७ फारसं कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा: जागेत एखादा दोष असेल, त्याने राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होण्यासारखा असेल, आणि तो मालकाला माहीत असून राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. पुढचं कलम ५८ म्हणतं की जागा दिल्यावर ती धोकादायक होईल असं मालकाने काही करू नये. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही दोन वाक्यं आजच्या फ्लॅटलाही जशीच्या तशी लागू पडतात.

का, ते एका प्रसंगाने सांगते. सहकारनगर भागातलं घर, आजी एकट्या राहायच्या. त्या गेल्यावर मुलांनी घर भाड्याने दिलं. दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूच्या मुलाला बाथरूममध्ये नळाला हात लावताच झटका बसला. सुदैवाने निभावलं. इलेक्ट्रिशियनने गिझरच्या सॉकेटचं कव्हर उघडलं, तर अर्थिंगची हिरवी वायर आत जोडलेलीच नव्हती, बोर्डात मागे दुमडून ठेवली होती. त्या आजींच्या मुलीला विचारलं तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "आई अंघोळीला जाताना गिझरचं बटण आठवणीने बंद करायची. आम्हालाही ओरडायची, आधी बटण बंद करा म्हणून." त्या बाईंना दोष माहीत होता, त्यांनी त्याच्याभोवती सवय लावून घेतली होती. त्या गेल्या, सवय त्यांच्याबरोबर गेली, आणि दोष भिंतीत राहिला.

आईवडिलांचं घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. आपल्या माणसाने जिथे वीस-पंचवीस वर्षं काढली, ते घर अशा सवयींवर चाललेलं असतं. बाल्कनीचं दार थोडं उचलून लावायचं, स्वयंपाकघरातला डावीकडचा सॉकेट वापरायचा नाही, पावसाळ्यात बेडरूमच्या खिडकीखाली फडकं ठेवायचं. तुम्ही आणि भाऊ एक दिवस त्या घरात बसा आणि आई काय काय सांभाळून करायची ते आठवून लिहून काढा. ती यादी म्हणजे तुमच्या दुरुस्तीची यादी.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावा, घर दाखवायला लागण्यापूर्वी. प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. मेन बोर्डात गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच असतो, तो नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. जुन्या इमारतींत बहुधा नसतो. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघायला सांगा. आणि बाथरूमच्या आत गॅस गिझर लावलेला असेल, तर तो मी राहू देणार नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी पडतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. पुण्यात थंडीच्या दिवसांत दार लावून अंघोळीला गेलेली माणसं अशी दगावली आहेत. गॅस गिझर ठेवायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत घ्या. नाही तर काढून विजेचा बसवा. काही हजारांचा खर्च आहे, पण तो भाडेकरूच्या गळ्यात घालण्यासारखा किंवा 'बघू पुढे' म्हणण्यासारखा नाही. बाल्कनीचे गज, सैल झालेलं ग्रिल, खिडक्यांच्या तुटलेल्या कड्या हेही त्याच दिवशी बघून घ्या. भाडेकरूच्या घरात लहान मूल आलं तर पहिल्यांदा तिथेच जातं.

आता कागदांकडे वळते. घर देण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तुमच्या बाबतीत आधी सोडवावा लागेल. आईने सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमच्यापैकी एकाचं नाव दिलं असेल, तर तो एक जण मालक झाला असा समज करून घेऊ नका. सहकारी संस्था कायद्यात कलम १५४ब-१३ आहे, त्याप्रमाणे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसाहक्काने तुम्ही दोघं (आणि वडील असतील तर तेही) मालक. म्हणून एक तर सगळ्यांनी करारात मालक म्हणून सही करावी, किंवा एकाने दुसऱ्याला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावं. भावाबहिणीत आज कितीही विश्वास असला तरी भाडं कुणाच्या खात्यात येणार आणि खर्च कोण करणार, हे दोघांत आधीच ठरवा. सोसायटीचा शेअर दाखला, महापालिकेचा मिळकतकर आणि महावितरणचं वीजबिल आईच्या नावावरून काढण्याचे अर्जही आत्ताच देऊन टाका.

अकरा महिन्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून 'अकरा महिने केलं की नोंदणी नको' ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच कलमातला दुसरा भाग: करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला कागद नोंदणीची जागा घेत नाही. एजंटने 'नोटरी करून टाकू' म्हटलं तर नको म्हणा.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. समजा भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. भाडं झालं ३,०८,०००, व्याज सुमारे ९,१६७. बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे साधारण ८०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. हल्ली आधारशी जोडलेल्या अंगठ्याच्या मशीनवर घरी बसून ई-रजिस्ट्रेशन होतं. हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला लागू आहे, त्यामुळे चांगलं कुटुंब मिळालं तर दोन किंवा तीन वर्षांचा करार करा, दर वर्षीच्या वाढीची टक्केवारी आतच लिहा. मुलांची शाळा जवळ असलेल्या कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी 'आता काय' या धाकात ठेवणं मला पटत नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम. शहरात पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात, ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. पुण्यात ही माहिती ऑनलाइन भरता येते. ती पोच जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, आणि कोथरूड-बावधनकडे परदेशी विद्यार्थी बरेच असतात, तर तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे एजंट करेल म्हणून सोडू नका, नाव तुमचं असतं.

सोसायटीला करार आणि पोलिसांच्या पोचेची प्रत द्या. नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्क, लागतील. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यांची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के अशी बांधली आहे. पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे. बिल ३,५०० चं असलं तरी त्यातला सेवाशुल्काचा भाग २,००० असेल, तर २०० च्या वर मागता येत नाहीत. मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा ठरला असला तरी थकबाकीदार म्हणून फलकावर नाव तुमचंच लागेल. म्हणून मी भाड्यातच मेंटेनन्स धरायला आणि मालकाने तो स्वतः भरायला सांगते. सिंकिंग फंड आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी तर मालकाचीच.

कुणाला घर द्यायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी दोन ओळी लिहिते. नोकरी, पूर्वीच्या घरमालकाचा अनुभव, भाडं भरण्याची ऐपत हे जरूर बघा. आडनाव विचारून, धर्म विचारून किंवा 'एकटी मुलगी आहे' म्हणून दार लावून घेऊ नका. माझ्या माहितीतली सर्वांत नीट ठेवलेली घरं ज्यांनी ठेवली, त्यांच्यात इतर दहा ठिकाणी नकार मिळालेली माणसं पुष्कळ आहेत.

आता दुरुस्तीवर येते, कारण तुम्ही दोघंही बाहेरगावी आहात आणि खरी ओढाताण इथेच होईल. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ म्हणतं की, उलट करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे कलम कायद्याच्या अर्थाने जो भाडेकरू आहे त्याच्याबद्दल बोलतं, लायसन्सवर राहणाऱ्याबद्दल (लायसेन्सीबद्दल) नाही. लीव्ह अँड लायसन्समध्ये बरंचसं करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं, आणि छापील मसुद्यात बहुधा 'किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने करावी' एवढं एकच वाक्य असतं. किरकोळ म्हणजे काय, यावर मी माणसांना तासन् तास भांडताना पाहिलंय. म्हणून करारात विभागणी स्पष्ट लिहा.

त्यासाठी तयार मोजपट्टी आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्याच्या परिशिष्टातली दुरुस्तीची वाटणी शहाणपणाची आहे आणि ती करारात उचलायला कुणाची आडकाठी नाही. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींना रंग, दारंखिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप बदलणं आणि वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, कमोड आणि बेसिनची दुरुस्ती, बटणं-सॉकेट, ओट्याजवळची फिटिंग, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा, डासांच्या जाळ्या हे राहणाऱ्याकडे. त्यात गिझरची दुरुस्तीही राहणाऱ्याकडे टाकली आहे. तिथे मी थोडा बदल करते: गिझर मालकाचा असेल आणि जुना असेल, तर टाकी फुटली किंवा कॉइल गेली तर मालकाने बदलावी. राहायला आलेल्या माणसाने पंधरा वर्षांच्या गिझरचं म्हातारपण का सोसायचं?

ओल हा पुण्यातला वेगळा विषय. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल तर तो दोन सभासदांमधला प्रश्न, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येत असेल तर सोसायटीचा. दोन्ही ठिकाणी दाद मागणारा सभासद तुम्ही आहात. भाडेकरू सोसायटीला पत्र लिहीत बसला तर 'मालकाला सांगा' म्हणून परत पाठवतात, आणि मालक म्हणतो 'सोसायटीचं काम आहे'. या टोलवाटोलवीत एक कुटुंब अख्खा पावसाळा बुरशी आलेल्या भिंतीला लागून झोपलेलं मी पाहिलंय. त्यांच्या मुलीला दम्याचा त्रास होता. मालक वाईट माणूस नव्हता, फक्त दुबईला होता आणि इथे त्याच्या वतीने कुणी नव्हतं. म्हणून जवळ राहणारा एक माणूस नेमा, मामा, आत्येभाऊ, आईची मैत्रीण, कुणीही. त्याचा किंवा तिचा नंबर, एका प्लंबरचा, एका इलेक्ट्रिशियनचा, असे तीन नंबर भाडेकरूला द्या. आणि करारात लिहा की २,००० रुपयांपर्यंतची मालकाकडची दुरुस्ती भाडेकरूने फोटो आणि बिल पाठवून करून घ्यावी, पुढच्या भाड्यातून वळती करावी. रात्री साडेनऊला फुटलेल्या नळासाठी बंगळुरूहून होकाराची वाट बघायला लावू नये.

घर दिल्यावर ते तुमचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क दुसऱ्याचा झालेला असतो. पाहणी करण्याचा अधिकार भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ ने दिला आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. दुसरी चावी तुमच्याकडे असली तरी ती घेऊन आत जाऊ नका, तुमच्या त्या नेमलेल्या माणसालाही तसं स्पष्ट सांगा. भाडं थकलं म्हणून वीज-पाणी तोडणं, लिफ्ट बंद करायला सांगणं, कुलूप बदलणं यातलं काहीही करू नका. कलम २९ प्रमाणे भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा विनाकारण तोडणं हा दंडनीय गुन्हा आहे, आणि लायसन्स आहे म्हणून आपल्याला मोकळीक आहे असं समजून मेन स्विच काढणारे मालक नंतर पोलीस चौकीत खुलासे देत बसतात. ज्याची बाजू भक्कम होती तो एका संध्याकाळच्या रागात ती घालवून बसतो.

मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर रस्ता हा आहे: कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार तिथे त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आपला बचाव मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. नोंदणीवर मी एवढा जोर देते तो यासाठी.

डिपॉझिटवर सविस्तर लिहिते, कारण मालकांची सर्वाधिक चूक तिथे होते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला कायद्याची कमाल मर्यादा नाही, वर सांगितलेल्या आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची आहे. किती घ्यायचं ते घ्या, पण ते पैसे तुमचे नाहीत हे मनात पक्कं ठेवा. वेगळ्या एफडीत ठेवा. 'नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो' असं सांगणारे मालक मला भेटतात, आणि समोरचं कुटुंब नव्या घराचं डिपॉझिट भरायला व्याजाने पैसे काढत असतं. चावी परत घेताना त्याच टेबलावर डिपॉझिट परत, हा व्यवहार.

कापायचं काय, हा पुढचा वाद. गेल्या वर्षी एका फ्लॅटमध्ये दोन्ही पक्षांनी मला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला सिंकजवळ डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा कपचा उडालेला होता. मालकीणबाई म्हणत होत्या, पूर्ण दगड बदलायला लागेल, १८,००० कापणार. भाडेकरू बाई शांतपणे मोबाइलमधले जुने फोटो मागे मागे सरकवत होत्या. सापडला एक, राहायला आल्या त्या दिवशीचा. ओट्यावर दूध उतू घालायला ठेवलेलं पातेलं, शेजारी कुंकवाची कुयरी, आणि फोटोच्या कडेला तोच कपचा. मालकीणबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मलाच माहीत नव्हतं." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी घर देताना कधी नीट पाहिलंच नव्हतं.

म्हणून चावी देण्याच्या दिवशी एक तास काढा. तुम्ही किंवा भाऊ, भाडेकरू आणि तुमचा इथला माणूस, तिघांनी खोल्या फिरायच्या. पंखे किती, ट्यूब किती, गिझर कोणत्या सालचा, कोणत्या भिंतीला ओलीचा डाग, कोणत्या फरशीला तडा, ओट्याला कुठे कपचा, चाव्या किती दिल्या, वीज मीटरचं आणि पाइप गॅस असेल तर त्या मीटरचं रीडिंग. दोन पानं भरतात. फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवायचे, पानांवर दोघांच्या सह्या. घर सोडायच्या दिवशी तीच पानं हातात घेऊन पुन्हा फिरायचं. त्या दोन पानांनी जेवढी भांडणं थांबवली आहेत, तेवढी माझ्या एकाही नोटिशीने थांबवलेली नाहीत.

रंगाचे म्हणून सरसकट एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत पुण्यात रूढ आहे. दोन-तीन वर्षं माणूस राहिला की भिंती मळतात, खिळ्याची चार भोकं पडतात, ही नैसर्गिक झीज आहे आणि तिचा मोबदला तुम्ही भाड्यातून घेतलेला असतो. मुलांनी भिंतभर क्रेयॉन ओढले असतील, ड्रिलने टाइल फोडली असेल, तर तेवढं बिल दाखवून कापा. कापलेल्या प्रत्येक रकमेचा कागद द्या.

कराचं थोडक्यात. भाडं हे तुम्हा दोघांचं हिश्श्याप्रमाणे उत्पन्न, ज्याने त्याने आपल्या विवरणपत्रात दाखवायचं. भरलेला मिळकतकर वजा जातो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला नाही, तेव्हा बिल वाढेल ते आधीच हिशेबात धरा. भाड्याची पावती देणं बंधनकारक आहे, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यामुळे भाडेकरूला त्याच्या एचआरएसाठी तुमचा पॅन लागेल, तो द्यायला खळखळ करू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अनिवासी भारतीय असेल, तर त्यांच्या भाडेकरूला भाडं देतानाच टीडीएस कापावा लागतो, रक्कम कितीही असो. ते भाडेकरूला ठाऊक नसतं आणि नोटीस त्याला येते, म्हणून करार करतानाच त्याला सांगा.

गॅसबद्दल एक राहिलं. आईच्या नावाचं सिलिंडर कनेक्शन भाडेकरूला वापरायला देऊ नका. ते वारसाच्या नावावर करून घ्या किंवा जमा करून अनामत परत घ्या. नोंदवलेल्या करारावर भाडेकरूला स्वतःचं कनेक्शन मिळतं.

आणि आता आईची कपाटं. एक खोली कुलूपबंद ठेवता येते, कायद्याची अडचण नाही. पण मग ती खोली करारातून स्पष्ट शब्दांत वगळा, 'एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर' एवढंच दिलंय असं लिहा आणि भाडंही वन बीएचकेचंच घ्या. पूर्ण फ्लॅटचं भाडं घेऊन एक खोली बंद ठेवणाऱ्यांची प्रकरणं मी पाहिली आहेत, ती गोडीने संपत नाहीत. शिवाय बंद खोलीत पावसाळ्यात हवा खेळत नाही. उघडायला तुम्ही वर्षातून दोनदा येणार, तेव्हा आधी कळवून, त्यांच्या सोयीने, त्यांच्या हॉलमधून जावं लागणार. आईच्या नऊवारी साड्या कसर लागून चुरा झालेल्या बघून एक मुलगी त्या कुलूपबंद खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली होती, मी शेजारीच उभी होते. तुम्हाला माझा सल्ला असा, की कागदपत्रं, दागिने, साड्या, फोटो, देव हे तुम्ही दोघांनी वाटून आपापल्या घरी न्या. लोखंडी कपाटं रिकामी करून भाडेकरूला वापरायला द्या, आणि त्या दोन पानांच्या यादीत लिहा: कपाटं दोन, चाव्या चार, उजव्याचा आरसा कोपऱ्यात उडालेला.